हज्जानमामा, निकाल न दिल्याबद्दल आभार

आदरणीय हज्जानमामा,

शालोम.

हनुक्काचा सण झाला की तुम्ही लेकीकडे इस्रायलमध्ये अश्दोदला कायमचे जाणार, ही बातमी मला तुमच्या तोंडून नाही, ठाण्याच्या भाजीबाजारात कळली. तेव्हा आता उशीर करण्यात अर्थ नाही. समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच लाँचचं वेळापत्रक काढता, नाहीतर माझ्या गुडघ्यांची चौकशी करता. म्हणून लिहून मानते आहे, आणि चारचौघांत मानते आहे. आमच्या घरातलं वाडीच्या पैशांचं ते प्रकरण आपल्या माणसांत अर्धंमुर्धं पसरलं आहे, हेही एक कारण. कुणी म्हणतं, हज्जानांनी तिला काकांना माफ करायला लावलं. कुणी म्हणतं, हज्जानांनी पैसे वसूल करून दिले. तुम्ही यातलं काहीच केलं नाहीत. काय केलंत ते एकदा नीट सांगावं म्हणते.

समाजाबाहेरचं कुणी वाचणार असेल तर त्यांच्यासाठी थोडं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचे आम्ही वंशज, असं आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावानं आम्हाला शनवार तेली म्हटलं. आडनावं गावांवरून: पेणकर, किहीमकर, झिराडकर. हज्जान म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारा. रब्बी, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणते, आमच्याकडे पूर्वापार नव्हतेच. आधी आमच्यातलेच काजी होते, पुढे हज्जान आले, आणि लग्न, मयत, मलिद्याचा विधी, भांडण, सगळं हज्जानाच्या गळ्यात पडलं. त्यात लोक हळूच आणखी एक काम सरकवतात: आमच्या वतीनं तुम्हीच काय ते ठरवा.

मीही तेच सरकवायला आले होते.

वाडी बाबा आणि धाकटे काका, दोघांच्या नावावर होती. नारळ, पोफळी, एक विहीर आणि कोपऱ्यात जुन्या घाण्याचा दगड. काका विशीतच इस्रायलला गेले, बाबा इथं राहिले, एसटीत नोकरी केली. अलिबागकडच्या जमिनींना भाव यायला लागले तसे काका आले, आणि बाबांनी त्यांना कुलमुखत्यारपत्र करून दिलं. सख्खा भाऊ, त्यात वाचायचं काय? वाडी विकली गेली. बाबांच्या वाट्याचे पैसे पुढच्या महिन्यात यायचे होते, ते आलेच नाहीत. बाबा कोर्टात गेले नाहीत. भावाला कोर्टाची पायरी चढायला लावणार नाही म्हणाले, आणि घरात हा विषय काढायचा नाही असा दंडक घातला. तो दंडक पाळत पाळतच ते गेले. जिच्या अंगणात नारळ पडून सडायचे ती माझी आई बाजारात उभी राहून दोन नारळांची घासाघीस करायची. माझा राग तिथला आहे, सातबाऱ्यातला नाही.

बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी, ज्यू पंचांगातल्या इलुल महिन्यात, काका दारात उभे राहिले. सत्तरी ओलांडलेली, हातात काठी. हे कोण काका, तर १९६४ साली येरुशलेममध्ये धरण्याला बसलेले. इस्रायलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्रायलांच्या लग्नांवर अटी घातल्या होत्या, आमच्या ज्यूपणाचीच चौकशी लावली होती, त्याविरुद्ध आपली माणसं रस्त्यावर बसली. त्याच ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, ठराव केला की बेने इस्रायल हे सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि रब्बींना माघार घ्यावी लागली. काकांच्या पत्रांमधून ही हकीकत आमच्या घरात आली होती आणि मी ती शाळेत मैत्रिणींना फुशारकीनं सांगायचे. न्याय कशाला म्हणतात हे त्या माणसाला माहीत नव्हतं असं नाही. तेच जास्त झोंबायचं.

"दारफाळणीच्या आधी मोकळं व्हायचंय मला," ते म्हणाले. "तुझ्या बाबांच्या वतीनं एकदा माफ केलं म्हण."

दारफाळणी म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, पंचवीस तासांचा कडक उपास. जुन्या काळी आपली माणसं त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारं लावून घरात बसायची, बाहेरच्या कुणाला शिवायचीसुद्धा नाहीत. दुसऱ्या दिवशी शिळा सण. तेव्हा दारं उघडायची, दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. तुम्ही दर वर्षी त्याच्या आदल्या शनिवारी सांगायचात, "दार लावून बसायच्या आधी ज्याच्याकडे जायला हवं त्याच्याकडे जाऊन या. नंतर मला विचारू नका." लोक हसायचे. मीही हसायचे.

तर मी तुमच्याकडे आले, आणि मला दोनांपैकी एक उत्तर हवं होतं. माफ कर म्हणालात तर तुमच्या शब्दाखातर केलं असं भावाला सांगता आलं असतं. करू नकोस म्हणालात तर काकांना नाही म्हणायचा वाईटपणा तुमच्या खात्यावर गेला असता. तुम्ही आधी चहा टाकलात. मग आतून ते जाडजूड पुस्तक आणलंत, खाकी कागदाचं वेष्टण घातलेलं, समासात पेन्सिलीनं बारीक मराठी टिपणं. रामबामचं मिश्ने तोरा, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा ग्रंथ. त्यातले तेशुवाचे, म्हणजे पश्चात्तापाचे, नियम, दुसरा अध्याय.

रामबाम म्हणजे बाराव्या शतकातले मोशे बेन मैमोन. जन्म कोर्डोबाचा, हयात इजिप्तमध्ये गेली. व्यवसायानं वैद्य. हेच ते गृहस्थ, ज्यांनी एका पत्रात लिहून ठेवलंय की हिंदुस्थानातल्या ज्यूंना शनिवारचा शब्बाथ आणि सुंता सोडली तर तोरातलं, म्हणजे धर्मशास्त्रातलं, काही ठाऊक नाही. ते आपल्याबद्दलच असावं असं काही अभ्यासकांना वाटतं. तुम्ही ती ओळ मला पूर्वी कधीतरी सांगितली होतीत, तेव्हा खो खो हसला होतात. "आपल्याला नापास करणाऱ्या मास्तरांचंच पुस्तक घरात ठेवलंय बघ." त्या दिवशी मात्र हसला नाहीत. चष्मा पुसलात आणि एकेक वाक्य हिब्रूत वाचून मराठीत सांगत गेलात.

योम किप्पूरचा उपास माणूस आणि देव यांच्यामधल्या पापांना उपयोगी. माणसानं माणसाचं केलेलं नुकसान, मारलेलं, लुबाडलेलं, शिव्या घातलेल्या, हे उपासानं फिटत नाही. ज्याचं देणं आहे त्याला द्यायचं, वर त्याची समजूत घालायची. नुसतं देऊनही भागत नाही, नुसती समजूत घालूनही नाही. तो माणूस मेला असेल तर दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं, उभं राहून म्हणायचं की इस्रायलच्या देवापुढे आणि या माणसापुढे मी पाप केलं, अमुक अमुक केलं. आणि पैशाचं देणं असेल तर ते वारसांना चुकतं करायचं.

पुस्तक मिटून तुम्ही म्हणालात, "बाबांची माफी तुझ्याकडे ठेवायला दिलेली नाहीये, तर तू देणार कुठून? त्याला ती हवी तर बाबा जिथे आहेत तिथे जाऊ दे. पैसे तुम्हा भावंडांचे. आणि तुझा स्वतःचा राग आहे तो तुझा, त्याबद्दल त्याला तुझ्याकडे वेगळं यावं लागेल."

"मग मी काय करू?"

"मी वाचून दाखवलं. करायचं काय ते तू बघ."

खरं सांगू का मामा, मी चिडले होते. एवढंच ऐकायचं होतं तर ठाण्याहून यायचं कशाला, असं जिना उतरताना वाटलं. वाडीचा भाव कुठला धरायचा, तेव्हाचा की आजचा, हेसुद्धा तुम्ही सांगायला तयार नव्हतात. लुबाडलेल्या वस्तूची किंमत लुबाडली त्या वेळची धरतात, असं मिश्नात, म्हणजे आपल्या जुन्या नियमसंग्रहात, आहे म्हणालात, आणि लगेच हात वर केलेत. "पण जमिनीचं प्रकरण वेगळं, आणि मी दय्यान, म्हणजे धर्माचा न्यायाधीश, नाही. मी इथे बसून आकडा सांगितला तर तो धर्माचा आकडा म्हणून गावभर फिरेल. चांगला वकील गाठ, भावाला बरोबर घे." धर्माच्या नावावर आकडे सांगणारी माणसं मी तेव्हा पुष्कळ पाहिली होती. आपल्याला माहीत आहे तिथपर्यंतच बोलणारं माणूस त्या मानानं फार कमी भेटतं.

एक वाक्य मात्र तुम्ही काकांसाठी राखून ठेवलं होतंत. काका तुम्हाला भेटायला आले तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी सुरुवात केली दलालापासून. दलालानं सल्ला दिला, पैसे तिकडे गुंतवले, मग बुडाले, मग लाज वाटली. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तलमूद ग्रंथ सांगतो, पापाच्या कामाला मुखत्यार चालत नाही. दुसऱ्यानं सांगितलं म्हणून केलं, ही सबब तिथं टिकत नाही. तुम्ही तर स्वतःच मुखत्यार होतात." काका खाली बघत राहिले. मग तुम्ही माझ्याकडे वळून त्याच सुरात म्हणालात, "आणि तूही. माझ्या सांगण्यावरून माफ केलंस तर ते तुझं नव्हे." तोवर मला वाटत होतं की तुम्ही माझ्या बाजूचे आहात!

पुढचं काम लोकांना अजून नवलाचं वाटतं. दहा माणसं जमवायची होती. आपल्या भागात दहा ज्यू पुरुष गोळा करणं काय असतं ते बाहेरच्यांना नाही कळायचं. अलिबागच्या इस्रायल आळीत एके काळी हाक मारली की मिन्यान, म्हणजे प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष, पुरा व्हायचा, आता मयताच्या कदिश प्रार्थनेसाठीसुद्धा मुंबईला फोन लावावे लागतात. तुमच्याकडे ती निळी डायरी होती, पेण, पनवेल, रेवदंडा, ठाणे, भायखळा, सगळ्यांचे नंबर असलेली. मी म्हटलं, तुम्ही फोन करा, तुमच्या शब्दाला मान आहे. तुम्ही डायरी काकांच्या हातात दिलीत. "दहा जण त्यानं आणायचे असं लिहिलंय. आणि कशासाठी बोलावतोय ते प्रत्येकाला सांगायचं."

ते त्यांनी आमच्या पडवीत बसून केलं. मी आत भाकऱ्या थापत होते आणि ऐकत होते. पहिल्या फोनला "जरा घरगुती काम आहे" म्हणाले. तुम्ही नुसते खाकरलात. दुसऱ्या फोनपासून सांगायला लागले. पलीकडून काय उत्तर येत होतं ते ऐकू यायचं नाही, पण काकांचा आवाज दर फोनला उतरत गेला.

दहांत मला धरत नाहीत, बाईमाणूस म्हणून. यावर तुमचं-माझं कधी पटलं नाही, पटणारही नाही, आभाराच्या पत्रातसुद्धा मी ते सोडणार नाही. वाडीच्या पैशांत वारस म्हणून मला मोजतात आणि कबरीपाशी मोजत नाहीत, हा कुठला हिशेब? तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, "वाद घालत राहा." घालते आहे.

रविवार होता. पावसाळ्यात बंद असलेली लाँच नुकतीच सुरू झाली होती. पेणहून दोघं एसटीनं, रेवदंड्याहून एक, बाकीचे गेटवेहून मांडव्याला उतरून रिक्षानं आले. कबरस्तानात गवत गुडघ्याएवढं, त्यातून वाट काढत सगळे बाबांपाशी पोचलो. दगडावर वर हिब्रू, खाली मराठी. काकांनी खिशातून कागद काढला आणि वाचायला लागले, "वाडीच्या व्यवहारात जे काही झालं, त्याबद्दल..."

"कुणी केलं?" तुम्ही विचारलंत.

"म्हणजे तो दलाल..."

"दलाल इथे आलेला नाही."

बराच वेळ गेला. कुणीतरी छत्री मिटल्याचा आवाज आला. मग काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि बिनकागदाचं म्हणाले, "इस्रायलच्या देवापुढे आणि माझ्या मोठ्या भावापुढे मी पाप केलं. त्याच्या वाट्याचे पैसे मी ठेवून घेतले. तो गेला तेव्हा आलोसुद्धा नाही." दहाच्या दहा जण माझ्याकडे बघत होते. तुम्ही बघत नव्हतात. तुम्ही दगडावरचं शेवाळ नखानं खरवडत होतात, आणि ते का, हे मला घरी येऊन निजल्यावर उमगलं. तिथे माझ्याकडे नुसतं बघितलं असतंत तरी मी हो म्हटलं असतं.

बाहेर पडताना सगळ्यांनी हात धुतले. तुम्ही विचारलंत, परतीची लाँच किती वाजता.

योम किप्पूरला आपण छातीवर मूठ मारत पापांची यादी म्हणतो ती अनेकवचनी असते, आम्ही चुकलो, आम्ही लुबाडलं. पोरांना तुम्ही विचारायचात, "तू तर काही लुबाडलं नाहीस, मग 'आम्ही' का म्हणतोस?" आणि उत्तरही तुम्हीच द्यायचात. शेजारी उभा असलेला ज्यानं खरंच लुबाडलंय, त्याला एकट्याला ते म्हणायची वेळ येऊ नये म्हणून सगळ्यांनी म्हणायचं. त्या वर्षी ती यादी म्हणताना मला कबरीपाशी ऐकलेलं 'मी' आठवत राहिलं. दोन्हींना जागा आहे, एक दुसऱ्याच्या ऐवजी चालत नाही, हे मला कुणी भाषणातून सांगितलं असतं तर मी जांभई दिली असती.

माझं उत्तर काकांना लगेच मिळालं नाही. त्यांनी विचारलं, मी नाही म्हटलं. सुक्कोथच्या सणाला पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. सगळी भाऊबंदकी माझ्यामागे लागली, म्हातारा माणूस आहे, आज आहे उद्या नाही. तुम्ही एकदाही विषय काढला नाहीत. नियमाच्या दोन्ही बाजू तुम्ही आधीच वाचून दाखवल्या होत्या: मागणाऱ्यानं खऱ्या मनानं तीनदा यायचं, आणि तरीही जो कठोर राहतो त्याच्याकडे दोष जातो. घड्याळ माझ्या हाती देऊन तुम्ही बाजूला झालात. वकिलानं आणि आम्ही भावंडांनी आकडा ठरवला, तो काकांनी कबूल केला, हप्ते यायला लागले. तिसऱ्यांदा त्यांनी पुढच्या इलुलात इस्रायलहून फोन करून विचारलं आणि मी हो म्हटलं. का म्हटलं ते इथे लिहीत नाही. तुम्हीही विचारलं नव्हतंत.

आपल्या आसपास ज्याला त्याला एक महाराज असतो, आणि आता आपली पोरंही फ्रिज कुठल्या भिंतीला ठेवायचा ते इस्रायलमधल्या रब्बींना व्हॉट्सॲपवर विचारतात. तुमचा रब्बींना विरोध नव्हता. घटस्फोटाचा कागद, म्हणजे गेट, असो, कोशेरचा, म्हणजे खाण्यापिण्याच्या नियमांचा, अवघड प्रश्न असो, "हे माझ्या आवाक्यातलं नाही" म्हणून तुम्ही स्वतः लोकांना जाणत्यांकडे पाठवलंत. पण पिर्के अवोत या नीतिवचनांच्या ग्रंथातलं 'गुरू कर आणि मित्र मिळव' हे वाक्य तुम्ही कधी अर्ध्यावर सोडलं नाहीत. आमच्या पोरींच्या हातात तुम्ही मराठी अर्थ असलेली प्रार्थना दिलीत. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या त्या कपाटात ठेवण्यासाठी नव्हे, असं म्हणत एकेकीला उभं करून वाचायला लावायचात. माझी पुतणी आज तुमच्या टिपणांवर वाद घालते. याचं श्रेय तुमचं, त्रास माझा.

आता कामाचं. काकांचा शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात आला. त्यातून कबरस्तानाच्या पडलेल्या कुंपणाचं काम भाऊ आणि मी करून घेतो आहोत. गवत काढणारा माणूसही ठरवला आहे. आणि तुमच्या प्रवासासाठी येत्या रविवारी आमच्याकडे एलियाहू हनाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाचा, मलिदा ठेवला आहे. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर पाच फळं. बेदाणे तुम्हाला चालत नाहीत, ते वेगळे ठेवीन. मामींना आणि जे कुणी येतील त्यांना घेऊन या. किती जण ते गुरुवारपर्यंत कळवा.

आणि येताना ती निळी डायरी घेऊन या. अश्दोदला तिचा काही उपयोग नाही, इथे मात्र दर महिन्याला कुणालातरी दहा माणसं लागतात. फोन मी लावीन. माझी मोजदाद झाली नाही तरी.

तुमची,
ठाण्याची भाची